शॅम्बल्समधले घर

इंग्लंडातल्या यॉर्क शहरात शिरताना आधी शब्दांशी झगडावे लागते. तिथे ‘गेट’ म्हणजे रस्ता आणि ‘बार’ म्हणजे वेस. व्हायकिंग लोक तिथे राज्य करून गेले, रस्त्यांची नावे मागे ठेवून गेले. “मम्मी, आपण मिकलगेट बारला जाणार आहोत म्हणून पॅरिशमध्ये सांगू नका हं,” असे म्हणत सूनबाई स्टेशनपासून हसत होती.

मुलगा लीड्सला नोकरीला आहे. तीन महिन्यांसाठी मी तिकडे गेले, तेव्हा बॅगेच्या तळाशी एक पांढरा झगा घेऊन गेले होते. मुलाच्या बाप्तिस्म्याचा. माझ्या सासूबाईंनी शिवलेला. बेळगावात आमच्या पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याच्या आधी आईवडिलांचे वर्ग असतात, ते गेली अकरा वर्षे मी घेते. आणि माझा स्वतःचा नातू चौदा महिन्यांचा झाला तरी त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. सून कोल्हापूरची, हिंदू घरातली. ‘मोठा झाला की तोच ठरवेल’ असे दोघांचे म्हणणे. वर्गात मला कोणी काही विचारत नाही, पण सगळे विचारताहेत असे मला वाटत राहते.

यॉर्कला जायचे ठरले तेव्हा मी मनाशी एक बेत केला. तिथे संत मार्गारेट क्लिथरोचे प्रार्थनास्थळ आहे. तिच्यासमोर बसून विषय काढायचा. झगा खांद्यावरच्या पिशवीत घेतला.

शहराचा कोट अजून उभा आहे, सुमारे साडेतीन किलोमीटरचा. त्यावरून चालता येते. बाबागाडी घेऊन मात्र नाही. यॉर्क मिन्स्टर हे प्रचंड कॅथीड्रल आहे. त्याची पूर्वेची खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या काळात केली, एखाद्या टेनिस कोर्टाएवढी. जगाच्या उत्पत्तीपासून अंतापर्यंतची चित्रे तीत आहेत. मी मान वर करून पाहिली, पण खरे सांगते, लक्ष पिशवीकडे होते.

शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली. नाव आले मांस मांडायच्या फळ्यांवरून. दुकानांच्या खिडक्यांखाली रुंद फळ्या आणि वर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून आहेत. लाकडी घरांचे वरचे मजले दोन्ही बाजूंनी इतके पुढे आलेले की समोरासमोरच्या माणसांनी हात मिळवावा. मांसावर ऊन पडू नये म्हणून गल्ली अशी अंधारी ठेवलेली. आता खाटीक एकही नाही. हॅरी पॉटरच्या जादूच्या कांड्या मिळतात आणि त्यासाठी रांगा लागतात. त्या रांगा ओलांडून आम्ही प्रार्थनास्थळाशी आलो. एक छोटी, शांत खोली. दाराबाहेर कोलाहल, आत मेणबत्त्या.

मार्गारेट या गल्लीतल्या जॉन क्लिथरो नावाच्या खाटकाची बायको. लग्न १५७१ साली. तीन-एक वर्षांनी ती कॅथलिक झाली. राणी एलिझाबेथचा काळ; कॅथलिक मिस्सा बेकायदा, आणि १५८५च्या कायद्याने धर्मगुरूला घरात आसरा देणे म्हणजे मृत्युदंड. मार्गारेटने आसरा दिला. घरात मिस्सा होत. चर्चला जात नाही म्हणून ती तुरुंगात गेली, तिथे वाचायला शिकली. मार्च १५८६मध्ये झडती आली आणि घरातल्या एका घाबरलेल्या मुलाने लपण्याची खोली दाखवली. कोर्टात ‘दोषी’ की ‘निर्दोष’ यांपैकी काहीच बोलायला तिने नकार दिला. खटला चालला असता तर तिच्याच मुलांना आणि नोकरांना तिच्याविरुद्ध साक्षीला उभे केले असते. न बोलणाऱ्याला कायद्यात एकच शिक्षा होती: वजनाखाली चिरडणे. गरोदर आहे असे सांगून वेळ मिळवता आला असता, पण खात्री नसताना तसे सांगायला ती तयार झाली नाही. २५ मार्चला, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणादिवशी, ऊस नदीच्या पुलावर तिला जमिनीवर निजवले, पाठीखाली अणकुचीदार दगड ठेवला, अंगावर दार टाकले आणि दारावर दगड रचले. वय तिशीच्या आसपास. पोप पॉल सहावे यांनी १९७०मध्ये तिला संतपद दिले.

हे सगळे मी सुनेला हलक्या आवाजात सांगितले. आता पुढचे वाक्य बोलायचे, एवढ्यात तिने विचारले, “मम्मी, आणि तिच्या नवऱ्याचं काय झालं?”

मला उत्तर सुचेना. संतांच्या गोष्टी मी कितीतरी मुलांना सांगितल्या आहेत. या बाईचा नवरा कधीच माझ्या डोक्यात आला नव्हता.

सुनेने तिथेच मोबाईलवर वाचायला सुरुवात केली आणि मला सांगत गेली. जॉन कधीच कॅथलिक झाला नाही. बायको चर्चला जात नाही म्हणून सरकार दंड ठोकी, तो दंड हा भरत राही. शिक्षा झाल्यावर तो रडला. माझे सगळे घ्या, पण तिला सोडा, अशी त्याने विनवणी केली. मरणाआधी तिने आपली टोपी त्याच्याकडे पाठवली, तो घराचा धनी म्हणून. बूट आणि मोजे मुलीकडे, अ‍ॅनकडे, आईच्या वाटेने चालावे म्हणून. अ‍ॅन पुढे लुव्हेनला मठात गेली. “टोपी,” सून म्हणाली. “म्हणजे शेवटपर्यंत भांडण नव्हतं.”

आणखी एक गंमत तिने वाचून काढली. अभ्यासकांच्या मते मार्गारेटचे खरे घर हे नव्हेच. ते बहुधा १० नंबरचे. म्हणजे अर्धा तास मी चुकीच्या घरात बसून बेत करत होते.

परतताना पुलाच्या टोकाशी तिच्या नावाचा फलक पाहिला. मग मिकलगेट बारजवळचे बार कॉन्व्हेंट. १६८६मध्ये स्थापन झालेले, इंग्लंडातले आज चालू असलेले सर्वांत जुने कॉन्व्हेंट. अठराव्या शतकातल्या त्याच्या चॅपेलचा घुमट साध्या उतरत्या छपराखाली दडवला आहे, बाहेरून कळू नये म्हणून. आणि धाड आली तर पळता यावे म्हणून त्या एका चॅपेलला आठ दारे. तिथेच काचेच्या पेटीत मार्गारेटचा हात जपून ठेवला आहे. वाळलेला, छोटा. मांस तोलणारा, मेणबत्ती लावणारा हात. मी गुडघे टेकले. सून बाळाला घेऊन मागच्या बाकावर बसली, मला घाई न करता.

तेवढ्यात बाळाने दूध सांडले. सुनेने पुसायला काहीतरी हवे म्हणून माझ्या पिशवीत हात घातला आणि झगा बाहेर आला.

“हे काय, मम्मी?”

“त्याच्या पप्पाचा आहे,” मी म्हटले. “बाप्तिस्म्याचा.”

तिने झगा उलगडला. सासूबाईंनी गळ्याशी काढलेली नक्षी बोटाने चाचपून पाहिली. मग तो बाळाच्या अंगाशी धरला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

“मम्मी, हा आता त्याला बसणार नाही.”

“नाही,” मी म्हटले.

तिने रुमालाने दूध पुसले. झग्याची घडी घातली, अगदी जुन्याच घडीवर, आणि तो माझ्या पिशवीत न ठेवता बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात, बाळाच्या कपड्यांत ठेवला. मी काही विचारले नाही. गाडी पकडायची होती.