पाणथळीची साक्ष

डिसेंबर लागला की निफाडचं नाव रोज पेपरात येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कुठवर उतरला, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या कशा पेटल्या, याच्या त्या बातम्या. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारी ही थंडी पाखरांच्या वेडाने झपाटलेल्यांना मात्र घरात बसू देत नाही. बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, मेमरी कार्ड रिकामं होतं, कपाटातून कानटोपी निघते. अंधारातच नाशिक सोडायचं आणि उजाडायच्या आत खाणगाव थडीला किंवा चापडगावच्या मनोऱ्यापाशी पोचायचं. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर तेव्हा धुकं असतं. दिसत काहीच नाही, पण आवाजांनी सगळं पाणी भरून गेलेलं असतं.

हे पाणी माणसाने अडवलेलं आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, ब्रिटिश अमलात, शेतीला कालवे काढण्यासाठी इथे बंधारा घातला गेला. नदीने आपला गाळ त्याच्यामागे आणून टाकला, वर्षानुवर्षं टाकत राहिली. त्यातून बेटं झाली, गुडघाभर पाण्याची डबकी झाली, पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा, पण पाखरांची सगळी वस्ती या तोट्यावरच उभी आहे. १९८६ साली हे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून त्याचं नाव जगाच्या यादीत गेलं. लोक याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. मला ते फारसं रुचत नाही. गंगथडीच्या या काळ्या मातीला दुसऱ्या कुणाचं नाव कशाला हवं?

धुकं विरळ होऊ लागतं तशी ओळख पटत जाते. कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी शेकड्यांनी पाण्यावर पसरलेले दिसतात. पसरट चोचीने पाणी चाळत जाणारे थापटे, लांब टोकदार शेपटीची तलवार बदकं, नारिंगी अंगाची चक्रवाकाची जोडी आणि चिखलात लाल काटकुळ्या पायांवर तोलून उभे शेकाटे. ही मंडळी नवख्यालाही लवकर सापडतात. खरी परीक्षा काठाच्या चिखलात शेपटी हलवत फिरणाऱ्या करड्या-तपकिरी, मूठभर तुतवारींपाशी होते. हिरवी तुतवार आणि ठिपकेवाली तुतवार शेजारी शेजारी चरत असल्या तर पहिल्या नजरेला एकच वाटतात. थोडं थांबून पाहिलं की ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागपर्यंत गेलेली दिसते. हिरवीची डोळ्यापाशीच संपते. ठिपकेवालीचे पाय पिवळसर आणि पाठीवर फिकट ठिपक्यांची दाटी. हिरवीची पाठ गडद, ठिपके बारीक. पण सगळ्यात पक्की खूण मिळते ती दोघी उडाल्यावर. पंख वर जातात त्या निमिषात हिरवीच्या पंखाखालची बाजू जवळजवळ काळी दिसते, ठिपकेवालीची फिकट. डोळ्याला हे निसटतं. कॅमेऱ्याला निसटत नाही.

म्हणून मी फोटो काढतो. भिंतीवर लावण्याजोगं चित्र मिळालं तर आनंदच आहे, नाही कशाला म्हणू? पण उडत्या तुतवारीच्या एका दमात घेतलेल्या दहा-बारा फ्रेममधली एखादी, पंख नेमके वर गेलेली, मला त्या देखण्या चित्राहून मोलाची वाटते. ती साक्ष असते. या दिवशी, या काठावर, हे पाखरू होतं, एवढंच ती सांगते, पण पुराव्यानिशी सांगते. वेळही थोडाच मिळतो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महागाची लेन्स असली तरी लांबच्या बदकाच्या कडा विरघळून जातात. मग लेन्स बाजूला ठेवायची आणि दुर्बिणीने नुसतं बघत बसायचं.

इथली गावातली पोरं गाइड म्हणून काम करतात. त्यांची नजर शहरातून आलेल्या कुणाही हौशीपेक्षा तयार असते. पाखराचा रंग दिसायच्या आधीच त्याच्या चालीवरून, पाण्यात बसायच्या ढबीवरून ते नाव सांगतात. एकदा पट्टकादंबांचा थवा काठावरच्या गवतात चरत होता. डोक्यावरचे दोन काळे पट्टे साध्या डोळ्यांनीही दिसावेत इतका जवळ. आमच्यातला एक जण वाकून पुढे सरकू लागला, तसा गाइडने त्याचा हात धरला.

"दादा, पुढं नका जाऊ. पहिल्याने मान वर केलीय. अजून एक पाऊल टाकलं की सगळे उठतील."

"एकच फोटो घेतो रे."

"इथनंच घ्या. त्यांना चरू द्या."

त्या पोराचं बोलणं अगदी बरोबर होतं. पट्टकादंब मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तोच हिमालय ओलांडून परत जातात. त्या वाटेसाठी लागणारी चरबी या गवतावरच जमायची असते. आपल्यामुळे थवा उठला की त्याचं खाणं बुडतं आणि उडण्यात शक्तीही जाते. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा अडकवलेले पट्टकादंब भारतात टिपले गेले आहेत. तो क्रमांक दुरूनही वाचता येतो. त्यासाठी चांगली लेन्स लागते आणि त्याहून चांगला संयम.

साक्ष खोटी निघाली तर काय होतं, याची कथा आपल्याच शेजारी, खानदेशात घडली आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलंच नव्हतं. उरले होते ते संग्रहालयांतले मोजके पेंढा भरलेले नमुने. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती १९१४ सालची, गुजरातेतल्या मांडवीची, रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाची. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला. आत कापूस कसा भरलाय, टाके कसे घातलेत, इथपर्यंत. तेव्हा कळलं की हे पाखरू जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात जमवलेलं. माइनर्त्झहागेनने ते चोरून त्याला नवी चिठ्ठी चिकटवली होती. खोटं ठिकाण बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या सातपुड्यात रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय दणकट. नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यापासून तो वेगळा ठरला या खुणांवर. त्याचं चित्रण झालं, फोटो निघाले, आणि ११३ वर्षांनी तो पुन्हा जिवंत पाखरांच्या यादीत आला.

ही हकिकत वाचल्यापासून फोटोखाली नुसतं 'नाशिक' लिहिणाऱ्यांशी मी हटकून वाद घालतो. तारीख लिहा, गाव लिहा, पाणी किती होतं तेही लिहा. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की चिखलाचे काठ बुडतात आणि काल शेकड्यांनी असलेल्या तुतवारी आज दिसत नाहीत. पाण्याची नोंद नसेल तर उद्या वाचणाऱ्याला वाटेल पाखरंच आली नाहीत. मात्र घरट्याचा ठावठिकाणा मी जाहीर करत नाही. विणीच्या काळात अंडी-पिल्लांच्या फोटोसाठी फांद्या छाटणारे, घुबडाच्या ढोलीसमोर गर्दी करणारे लोक आहेत. अंजनेरीच्या कड्यावरच्या गिधाडांसारख्या पाखरांची नेमकी जागा वनखात्याला आणि अभ्यासकांना माहीत असावी, तेवढं पुरे. यात लपवाछपवी आहे असं कुणी म्हणालं, तर म्हणू द्यावं.

परवाच्या खेपेला दुपार कलताना हरभऱ्याच्या शेतावरून एक भोवत्या अगदी जमिनीलगत, पंख किंचित वर धरून तरंगत आला. तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, म्हणजे मादी किंवा लहान वयाचं पाखरू. पांढुरका भोवत्या की माँटेग्यूचा? चेहऱ्यामागे फिकट गळपट्टा आणि मानेवर गडद पट्टी ठसठशीत असेल तर पांढुरका म्हणता येतं. माझ्या फ्रेममध्ये मान वळलेली आहे आणि ऊन मागून आलंय. पंखाच्या टोकाची बोटं चार मोजता येतात, पण ती दोघांनाही चारच. दोन जाणत्या मित्रांना फोटो पाठवला. एक म्हणाला पांढुरका, दुसरा म्हणाला, सांगता येत नाही. मी दुसऱ्याचं मानलं. फाइलला नाव दिलं 'भोवत्या, जात अनिश्चित', पुढे तारीख, गाव, शेतातलं पीक, उन्हाची दिशा. मूळ फाइल न कापता, न उजळता ठेवली आहे. कुणीतरी नीट बघेल तेव्हा त्याला सगळं जसंच्या तसं मिळायला हवं.