पाण्याची साक्ष

आपल्या पूर्वजांनी पाण्याने काळ मोजला. तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडावयाचे; ते बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, सरली. परंतु वाहते पाणीच मोजावयाचे झाले तर? हा प्रश्न मला शास्त्राने नव्हे, वकिलीने घातला.

इंदुरास वकिली सुरू करून मला थोडीच वर्षे झाली होती. माळव्यातील एका खेड्यातले दोन चुलतभाऊ पाटाच्या पाण्यावरून न्यायालयात आले. हक्क निम्मानिम्म. मी थोरल्याचा वकील. न्यायालयाने नेमलेल्या वृद्ध अभियंत्यांनी दोघांच्याही चरांवर लोखंडी पत्र्याचा लहानसा मापनबांध उभा केला. माथ्यावर काटकोनी त्रिकोणाची खाच, म्हणजे व्ही नॉच. त्यांची दक्षता पाहण्यासारखी होती. पत्रा अगदी उभा, खाचेची कड धारदार, पडणाऱ्या धारेखाली हवा खेळती. पाण्याची उंची त्यांनी खाचेपाशी मोजली नाही. तेथे पाणी उडी घेण्यापूर्वीच खाली वाकते. दोन-तीन हात मागे, संथ पाण्यात पट्टी रोवून त्यांनी ती मोजली.

धाकट्याकडे १० सेंटिमीटर भरले, थोरल्याकडे २०. ‘आमच्या दुप्पट पाणी नेतात’ अशी प्रतिपक्षाची तक्रार, आणि त्याच हिशोबाने तडजोडीचा मसुदाही तयार झाला. मी मनात सुखावलो. मधल्या सुटीत अभियंते सहज म्हणाले, “दुप्पट कोठले, वकीलसाहेब? उंची दुप्पट झाली की खाचेतल्या पाण्याचा छेद चौपट होतो, आणि वेगही सुमारे १.४ पट वाढतो. एकीकडे सेकंदास साडेचार लिटर, तर दुसरीकडे पंचवीस!”

म्हणजे साडेपाच पटींहून अधिक. अहवालात अद्याप केवळ उंचीच नोंदली होती. प्रतिपक्षास हे ठाऊक नव्हते. अशिलाचे हित राखणे हा माझा धर्म खरा; पण माझ्या मौनाने मिळणारे पाणी अशिलाचे होते काय? त्या रात्री झोप आली नाही. सकाळी त्याला सारे सांगितले आणि म्हटले, “हा आकडा दडवून मसुदा पुढे करणे माझ्याने होणार नाही. आपण दुसरा वकील पाहावा.” तो संतापाने कागद उचलून गेला. आठ दिवसांनी परत आला तो एवढेच म्हणाला, “लिहा खरं असेल ते.” पाण्याची वाटणी निम्मी झाली. पुढे त्याने मला दुसरे काम मात्र कधी दिले नाही.

याच इंदुरात नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालय आहे. १९६९ साली नेमलेल्या नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली अंतिम निवाडा दिला. वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरून त्याने मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५ आणि महाराष्ट्रास ०.२५ असा वाटा नेमून दिला. भांडण चुलतभावांचे असो वा राज्यांचे, कोणीतरी काठावर उभे राहून प्रामाणिकपणे मोजल्यावाचून न्यायाधीशाच्या हाती काहीच येत नाही.

आमच्या नळास येणारे पाणीही नर्मदेचेच. सकाळी कलशपूजनात सप्तनद्यांचे आवाहन करताना तो जुना पाट मला आठवतो. कलशातले पाणी कोणा भावाच्या वाट्याचे तर नाही ना, हे मनाशी पाहून मगच मी पळी उचलतो.