चार आठवड्यांत उरकायचं पुस्तक

आमच्या बायबल अभ्यासात पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं, हे बरीच वर्षं मीच ठरवत आलो. ठरवायचं तसं सगळ्यांनी. पाळकसाहेब विचारायचे, दोघं-तिघं काहीतरी सुचवायचे, मग मी घसा साफ करायचो आणि विषय संपायचा. गलतीकरांस, इब्री, रोमकरांस. रोमकरांसच्या सोळा अध्यायांवर तर आम्ही वर्षाहून जास्त घालवलं. बायका मागच्या चटईवर गप्प बसून असत. मी मास्तर होतो. वर्ग शांत असला की शिकवणं चांगलं चाललंय, हा हिशेब निवृत्तीनंतरही सुटला नव्हता.

एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ही रीत चांद्यात जुनीच. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन इथं आलं. १९६२ पासून बल्लारपूरला केरळच्या सिरो-मलबार चर्चचं काम सुरू झालं. शिकवणारा बाहेरून यायचा, ऐकणारे इथले. मी इथलाच, पण गादी तीच चालवत होतो, हे कबूल करायला हवं.

रोमकरांस संपलं तेव्हा माझ्या मनात प्रकटीकरण होतं. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, सगळ्यांचे तक्ते वहीत तयार होते. तेवढ्यात चटईवरून आवाज आला, ‘रूथ घ्या ना जी.’ बोलणाऱ्या मावशी नागभीड तालुक्यातल्या, दादाजी खोब्रागड्यांनी एचएमटी धान काढला त्या भागातल्या. दिवस कापणीचे होते. मला हसू आलं. रूथ म्हणजे सासू-सुनेची गोड गोष्ट, महिला समितीच्या कार्यक्रमाला ठीक. तरी मी लगेच हो म्हटलं. उदारपणा वगैरे काही नव्हता. चार अध्याय, चार आठवडे, की मग माझं प्रकटीकरण सुरू.

पहिल्या अध्यायातच घोळ झाला. दुष्काळ पडला म्हणून नामीचं कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात गेलं, इथवर वाचलं आणि चटई बोलू लागली. मिरची तोडायला तेलंगणात कोण कोण जातं, मागं म्हातारी कोणापाशी राहते, परत आल्यावर गाव कसं बघतं. मी दोनदा ‘आपण वचनाकडे येऊ’ म्हणालो. त्या वचनातच होत्या, हे मला दिसलं नाही.

दुसरा अध्याय मी जरा घाईतच घेतला. रूथ बवाजच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेल्या लोंब्या, वेचायला गेली, संध्याकाळपर्यंत वेचला, झोडला, तर एफाभर जव भरले. एफा म्हणजे साधारण २२ लिटर, असं मी वहीतून सांगितलं. मावशींनी विचारलं, ‘म्हणजे किती?’ म्हटलं, तेलाचा पंधरा किलोचा डबा भरून वर पुन्हा उरेल एवढं.

‘एका दिवसात?’

‘हो.’

‘नाही होत जी एवढा सरवा. कोनीतरी मुद्दाम टाकलं असन.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. कापणारी बाई चांगली असली तर कडपेतून लोंबी सुटत नाही. सरवा वेचणारी दिवसभर वाकून वेचते तेव्हा कुठं पदरात थोडंसं येतं, त्यातही माती, काड्या. डबाभर भरलं म्हणजे मालकानं कापणाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं असणार. आणि परकी, एकटी पोरगी दुसऱ्याच्या बांधीत उतरते, तेव्हा मालकानं आणखी एक गोष्ट सांगितली असली पाहिजे. कोणती, ते त्यांनी उघड म्हटलं नाही. बाकीच्या बायकांनी माना हलवल्या.

मी पुस्तकात पाहिलं. पेंढ्यांतून मुद्दाम काढून टाका, असा बवाजचा हुकूम सोळाव्या वचनात आहे. मी सतरावं वाचलं होतं. तिला कोणी हात लावू नये, ही ताकीद नवव्यात आहे, तीही मी ओलांडली होती. मला तो अध्याय ‘तात्पर्या’कडे न्यायचा होता. या बाईनं न वाचता, नुसत्या धान्याच्या मापावरून, माझ्या हातातल्या पानावरची दोन वचनं शोधून काढली होती.

त्या वेळी मी काय केलं? ‘बरोबर, तेच पुढे येणार होतं,’ असं म्हणालो. खोटं बोललो, तेही पवित्र शास्त्र हातात धरून. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आलं असावं. ते काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर रात्रभर तेच घोळत राहिलं. मी निवडलेलं एकेक पुस्तक आठवू लागलो. प्रत्येक वेळी मी असंच पुस्तक निवडलं होतं, ज्यात बोलायला शब्दकोश लागतो, टीकाग्रंथ लागतात, म्हणजेच मी लागतो. रोमकरांस वाईट पुस्तक नव्हे. पण त्या खोलीत त्यावर बोलण्याचा परवाना मी माझ्याच नावावर काढून ठेवला होता. बायकांना गोडी नाही, अशी समजूत करून घेणं मला सोयीचं होतं. मला वचन हवं होतं की फळा?

रूथ चार आठवड्यांत उरकलं नाही. खळ्यावर राशीशेजारी बवाज का झोपला, यावरच एक संध्याकाळ गेली. पुंजणे राखायला जागलेल्यांना ते सांगावं लागत नव्हतं. शेवटी कोणीतरी विचारलं, सरवा गरिबाचा, हा नियम लिहिलाय कुठं? लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, मी म्हणालो. ‘मग तेच घ्या.’ लेवीय! यज्ञ, चरबी, कुष्ठरोग. मी एरवी जोरात नाही म्हणालो असतो. या वेळी म्हणालो नाही.

आता आम्ही लेवीयमधल्या घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांच्या नियमांपर्यंत पोचलोय. पुढं पंधरावा अध्याय आहे, पाळीतल्या बाईनं सात दिवस वेगळं राहण्याचा. आमच्यातल्या एकीचं माहेर धानोऱ्याकडचं. तिकडच्या माडिया-गोंड गावांतली कुर्माघरं, पाळीतल्या बायकांना वेगळं राहावं लागतं ती, तिनं पाहिलेली आहेत. तो अध्याय पुरुषांसमोर नको, वगळू या, असं मी पाळकसाहेबांना बोलून बसलो. ते म्हणाले, बायकांना विचारा. विचारलं. त्यांनी तो आधीच वाचून ठेवलाय आणि त्या दिवशी वाचन कोण करणार तेही ठरलंय.