आवाजाचा मुद्देमाल

मोटारसायकलच्या नळीतून निघणारा आवाज हा फौजदारी कारवाईचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आयुष्यभर बीडच्या न्यायालयात वकिली केलेल्या माणसालाही पुस्तकातून जितकी कळते, त्याहून पुष्कळ अधिक ती पोलिसांच्या आवारात जप्त गाड्यांच्या रांगेपाशी उभे राहिल्यावर कळते. आणि तसे उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर आणला तो गेवराई तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवाने. कापसाचे पैसे हाती आल्यावर त्याने एक जुनी बुलेट विकत घेतली, कागदपत्रे रीतसर आपल्या नावे करून घेतली, विमा उतरवला. मात्र आधीच्या मालकाने मूळचा सायलेन्सर काढून बसवलेली पोकळ नळी त्याने जशीच्या तशी राहू दिली. शहरात नाकाबंदी चालू असताना तो अडवला गेला, आणि "काका, गाडी लावून घेतली, तुम्ही जरा येता का?" असा त्याचा फोन आला.

तेथील अंमलदार वयाने पोक्त आणि बोलण्यात सौम्य होते. "वकीलसाहेब, पोराचे कागद समदे बरोबर हायेत," ते म्हणाले, "पण नळी कंपनीची नाही. दंड भरा, कंपनीची बसवा, दाखवा अन् गाडी घेऊन जा." पुतण्याचे म्हणणे वेगळेच होते, आणि ते ऐकताना माझ्यातला जुना वकील जागा झाला. "आवाज मोजला कुठं, काका? मोजायचं यंत्रच नव्हतं त्यांच्याकडं. मग जास्त हाय, हे ठरवलं कशावरून?"

हा प्रश्न पोरकट नव्हे. १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलला ८० डेसिबल, ८० ते १७५ च्या दरम्यानच्या इंजिनाला ७७ आणि त्याहून लहानाला ७५ अशी मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांनी घालून दिलेली आहे. परंतु ही मर्यादा वाहन कारखान्यातून बाहेर पडण्याच्या वेळची आहे, आणि तिची परीक्षा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत, मोकळ्या सपाट मैदानावर, धावत्या गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ध्वनिग्राहक ठेवून, गाडीला वेग देत देत केली जाते. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या, रहदारीने गजबजलेल्या बीडच्या रस्त्यावर ती परीक्षा तंतोतंत कोणता अंमलदार घेणार? शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची जी हद्द आखून दिली आहे, ती त्या परिसरातील एकूण आवाजाच्या सरासरीची, एका गाडीची नव्हे. ही दोन मापे पुष्कळदा एकमेकांत मिसळली जातात आणि त्या गोंधळाचा लाभ आरोपीस मिळतो.

पण कायद्याने आपली सारी भिस्त यंत्रावर ठेवलेली नाही, आणि ती ठेवली नाही हे मला त्याचे मोठे शहाणपण वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ मालकाला उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलापासून वाहन बदलण्यास मज्जाव करते. केरळातून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मज्जाव सैल होऊ दिला नाही. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ अशा प्रत्येक फेरफारामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही सांगते. ध्वनीचे मानक मोडल्याचे सिद्ध झाले तर कलम १९० प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि वर तीन महिने परवान्यास अपात्रता, हे आणखी वेगळे. म्हणजे पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आवाज किती हे ठरवण्याआधी नळी कोणाची हे पाहणे पुरेसे आहे, आणि ते पाहण्यास डोळे असले की झाले. त्याला ते पटले; निदान त्याने हुज्जत घातली नाही.

मूळचा सायलेन्सर शोधत आम्ही एका गॅरेजात गेलो, आणि तेथे जे दिसले त्याने मी खरोखर व्यथित झालो. शेडच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, कंपनीचे उत्तम स्थितीतले सायलेन्सर ढिगाने पडले होते, बहुतेक नव्याकोऱ्या गाड्यांवरून उतरवलेले. "पोरं आवाजच मागायलेत, साहेब," मिस्त्री म्हणाले. "शोरूममधून गाडी निघाली की सरळ इकडं. हे भंगारात जातंय." त्यांनी एक गंजून फुटलेला सायलेन्सर उचलून मला आतली रचना दाखवली, ती माझ्या मनात कायमची ठसली. इंजिनातला जळालेला वायू झडप उघडताच प्रचंड दाबाने बाहेर झेपावतो. सायलेन्सरच्या आत त्याला छिद्रे पाडलेल्या नळीतून, एकामागून एक कप्प्यांतून, आडव्या पडद्यांना वळसे घालत जावे लागते. कप्प्यांत तो प्रसरण पावतो, पडद्यांवरून परतणाऱ्या लहरी येणाऱ्या लहरींना छेद देतात, आणि धडाक्याचा गुरगुराट होतो. ही जाळी काढून टाकली की धडाका तेवढा उरतो. अनेक नव्या गाड्यांत विषारी वायूंचे शमन करणारा उत्प्रेरकही याच मार्गात असतो. नळी बदलताना तोही गेला, तर कानांबरोबर फुप्फुसांचेही संरक्षण जाते. नळीतून फटाक्यासारखा आवाज काढण्याची युक्तीही मिस्त्रींनीच सांगितली: धावत्या गाडीचे बटण क्षणभर बंद करायचे, न जळालेले पेट्रोल तापलेल्या नळीत साचते आणि पुन्हा ठिणगी पडताच तेथेच पेटते.

माझ्या बालपणी आमच्या गावी फौजदारसाहेबांची बुलेट येई. तिचा संथ, जड, मोजून पडणारा ठोका वेशीपासून ओळखू येत असे आणि आम्हा मुलांना तो फार प्रिय होता. एका सिलिंडरच्या, चार ठोक्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना एकदाच स्फोट होतो, म्हणून तो ठोका सुटा सुटा ऐकू येतो. तो त्या इंजिनाचा स्वभावधर्म आहे आणि सायलेन्सर शाबूत असतानाही तो तसाच राहतो. आजची मुले ज्याला बुलेटचा आवाज समजतात तो तिचा नव्हे, हे मी पुतण्याला त्या गॅरेजात उभ्या उभ्याच सांगितले. डेसिबलचे गणितही सांगितले: ८० चे ९० झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते, १०० झाले म्हणजे शंभरपट.

ढिगातूनच त्याच्या गाडीला बसणारा सायलेन्सर मिळाला, बसवला, दाखवला आणि गाडी सुटली. नळी मुद्देमाल म्हणून आवारातच राहिली. नंतर भेटला तेव्हा तो म्हणाला, गाडी वाड्यात शिरली की पूर्वी म्हैस दावे तोडू पाहायची, आता मान वर करीत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला कुटुंबे निघून गेली की त्याच्या गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, त्यांच्या ओसरीवरची लहान नातवंडे आणि जनावरे. त्यांच्यापैकी कोणी कधी फिर्याद घेऊन कचेरीत जाणार नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततेने जगणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला, तो हक्क या ओसरीवरच्या माणसांचाही आहे, असे मी मनापासून मानतो.

माझी खरी तक्रार त्या पोरांविषयी नाहीच. पुढे मी सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. काउंटरमागे त्या नळ्या उघड टांगलेल्या होत्या, खोक्यांवर 'केवळ शर्यतीसाठी' असा मजकूर होता, आणि बीड जिल्ह्यात मोटारसायकलची शर्यत कोठे होते, हे मला कोणी सांगू शकले नाही. दुकानदार म्हणाले, "आम्ही बसवून देत नाही, वकीलसाहेब, फक्त विकतो." कायद्याच्या भाषेत हे उत्तर चतुर आहे. पावती चालकाच्या नावे फाटते, परवाना चालकाचा जातो, कित्येक शहरांत जप्त नळ्यांवर रोडरोलर फिरवला जातो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर तीच वस्तू पुन्हा विकत मिळते. विक्रेत्याला हात घालणारे पोटकलम कलम १८२-अ मध्ये आहे, पण ते केंद्र सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने निर्णायक म्हणून अधिसूचित केलेल्या भागांपुरते. कापसाच्या पैशातून जुनी गाडी घेणाऱ्या तरुणाने दंड भरावा आणि नळी विकणाऱ्याने नफा गाठीला बांधावा, ही विभागणी मला न्याय्य वाटत नाही.

म्हणून मी एक सविस्तर अर्ज लिहून जिल्ह्याच्या संबंधित कचेऱ्यांत दाखल केला. त्यात तीन मागण्या आहेत: सायलेन्सरचा त्या अधिसूचित भागांत स्पष्ट शब्दांत समावेश व्हावा म्हणून वर शिफारस जावी, नाकाबंदीत नळी जप्त करताना ती कोठून घेतली याचा जबाब पंचनाम्यात नोंदवला जावा, आणि नवी गाडी विकताना मूळचा सायलेन्सर उतरवणे हा गुन्हा आहे, अशी लेखी समज ग्राहकाला देऊन त्याची सही घेतली जावी. दुसऱ्या मागणीसाठी तर नवा कायदाही लागत नाही, जबाबात एक ओळ वाढवली की पुरे. अर्जाची पोच माझ्या दप्तरी आहे, आणि उत्तर न आल्यास पुढची तजवीज काय करायची, याचा मसुदा बारमधील दोन तरुण सहकारी तयार करीत आहेत.