चार तळहातांएवढी जागा

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा आमच्या घरातला पहिला प्रश्न होता, "यात बसायचं कोणी?" आपल्याकडे गाडी घेताना आधी माणसं मोजतात. अम्मी, अब्बा, बहीण, तिची दोन मुलं, शिवाय दावतीला जाताना मांडीवर एक पातेलं. या जर्मन गाडीला दारं दोनच. मागची सीट म्हणजे दप्तर ठेवायची जागा. आणि गाडी इतकी खाली की कल्याणातला प्रत्येक गतिरोधक तिला तिरकी होऊन पार करावा लागतो.

भाचा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लहानपणापासून त्याला गाड्यांचं वेड. दहा वर्षं पैसे साठवून त्याने ही घेतली, हौस होती म्हणून. मी त्याला बोलले नाही. माझ्या हौसेची पुस्तकं घरभर पडलेली असतात.

चार महिन्यांत टायर बदलायची वेळ आली. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच येऊन धडकला होता. त्याची सासुरवाड जालन्याची. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे म्हणजे आपल्या भिवंडी तालुक्यातलं गाव, कल्याणहून जवळच. त्या रस्त्याने बायकोला माहेरी न्यायचं त्याने ठरवून टाकलं होतं. २०२३ साली परिवहन विभागाने याच महामार्गावर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. त्याची दोनच्या आसपास आली होती.

"खाला, रविवारी दुकानात येतेस का? तू घासाघीस छान करतेस," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग नानांना घेऊन जाऊ. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं?"

तो गप्प झाला. ती शांतता मला कळली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुर्गाडी पूल ओलांडला की कोनगाव लागतं. तिथे भिवंडीच्या रस्त्याला माझ्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, पाण्याचं टब, हवेचा कॉम्प्रेसर, सोल्युशनचा वास. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे कानस मारायची, सोल्युशन लावून वाळू द्यायचं आणि मग पॅच. घाई केली की पॅच सुटतो. शाळेतून आल्यावर त्या शेडमध्ये खोक्यावर बसून मी मराठीचे निबंध लिहिले आहेत. त्याच कमाईवर माझं बी.एड. झालं आणि या मुलाच्या आईचं लग्नही.

आता 'पंक्चरवाला' हा शब्द कोणासाठी आणि कुठल्या सुरात वापरला जातो, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तसा विनोद आला तेव्हा मी काही लिहिलं नाही, फक्त ग्रुप सोडला. भाच्याच्या ऑफिसात कोणीतरी हसत हसत म्हणालं होतं, "तुला टायरची काय काळजी, घरचंच दुकान असेल!" त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं की दुकान खरंच घरचं होतं. भाचाही सगळ्यांबरोबर हसला आणि आजोबांबद्दल बोलला नाही. हे त्याने मला खूप नंतर सांगितलं.

तरी रविवारी आम्ही तिघे गेलो. अब्बा पुढे, आणि मागच्या त्या दप्तराच्या जागेत मी.

ठाण्यातलं मोठं वातानुकूलित दुकान. भाच्याने सहा आठवडे अभ्यास केला होता. आधी त्याने मला टायरच्या कुशीवरची लिपी वाचायला शिकवली. त्याच्या गाडीच्या टायरवर होतं २४५/४० आर १८ ९७ वाय. २४५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या चाळीस टक्के, म्हणजे जेमतेम ९८ मिलिमीटर. आर म्हणजे आतल्या दोऱ्यांची रेडियल बांधणी. १८ हा रिमचा व्यास, इंचात. ९७ हा वजनाचा आकडा, एका टायरला ७३० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं. एच असेल तर ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. मी उर्दू आणि मराठी, दोन लिप्या शिकवते. ही तिसरी रोज पायाशी होती आणि कधी वाचली नव्हती.

"समृद्धीवर १२० च्या पुढे जायची परवानगी नाही, मग ३०० चा टायर कशाला?" मी शिक्षिकेसारखं विचारलं.

भाचा म्हणाला, "खाला, टायर तापतो. वेगाने तापतो, वजनाने तापतो, हवा कमी असेल तर जास्तच तापतो. हे अक्षर म्हणजे टायर किती ताप सोसतो त्याची परीक्षा, तीही योग्य हवा आणि ठरलेलं वजन असताना. शिवाय गाडीचं स्टिअरिंग आणि ब्रेक याच कडकपणाच्या टायरवर बेतलेत."

विक्रेत्याने तीन प्रकार समोर ठेवले. पहिला जवळजवळ शर्यतीचा. रबर मऊ, नक्षी कमी, कोरड्या रस्त्यावर चिकटून धावणारा. भाच्याचे डोळे चमकले. दुसरा नावाजलेल्या कंपनीचा, एकेकावर पाच हजारांची सूट. तिसरा त्याच मापाचा, पण कडक रबराचा, "साठ हजार किलोमीटर बघायला नको" असं विक्रेता म्हणाला.

अब्बांनी कडक टायरवर नख दाबलं आणि खूश झाले. "हा घे. झिजणार नाही."

अब्बांचं आयुष्य ट्रकच्या टायरांत गेलं. तिथे टायर किती वर्षं चालतो यावर मालकाचं पोट असतं. भाचा त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला. "नाना, जो झिजत नाही तो ओल्या रस्त्याला धरतही नाही. मऊ रबर रस्त्याच्या खरबरीत दाण्यांत शिरतं. त्यात सिलिका घालतात, ती ओल्यात पकड देते. हा टायर लवकर संपेल, पण ब्रेक मारल्यावर चार हात आधी थांबेल." अब्बांनी ऐकून घेतलं. मग शर्यतीच्या टायरवरून हात फिरवला. "याला नाल्या कुठायत? पाणी जाईल कुठून?"

प्रश्न बिनतोड होता. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापतो. वेग वाढला आणि नाल्यांतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही की रबर आणि रस्ता यांच्यात पाण्याची चादर येते. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक मारा, गाडी ऐकत नाही. घोडबंदर रोडवर जुलैत गाडी चालवली असेल त्याला हे समजवावं लागत नाही. पहिला टायर बाद झाला. भाच्याचं तोंड उतरलं.

उरला सुटीचा. चार टायरमागे वीस हजार वाचत होते. भाचा कार्ड काढायला लागला. तोवर अब्बा टायर फिरवून, वाकून काहीतरी शोधत होते. मग मला म्हणाले, "वाच बघू, चश्मा नाही आणला." लंबवर्तुळात चार आकडे होते, १८२०. म्हणजे २०२० सालचा अठरावा आठवडा. टायर नवा होता, नक्षीवरचे रबरी केस तसेच होते, पण वय पाच वर्षं. रबर न वापरताही म्हातारं होतं. विक्रेता म्हणाला, "बाहेरचा माल आहे, मिळत नाही हल्ली." त्यात तथ्यही होतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून परवाना लागतो आणि अशा मापांचे टायर शोधावे लागतात. पण माल दुर्मीळ असला म्हणून तारीख बदलत नाही.

मग विक्रेत्याने, दोनच घ्या, बाकीचे पुढच्या वर्षी, असं सुचवलं. इथे अब्बा मान डोलावत होते, पण भाचा अडला. या गाडीत चारही चाकांना ताकद जाते. नवा टायर आणि झिजलेला टायर यांच्या घेरात फरक पडतो, दोन्ही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तो ताण आतल्या यंत्रणेवर येतो. घ्यायचे तर चारही, एकाच जातीचे.

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. दहा दिवसांनी डोंबिवलीतल्या एका छोट्या दुकानदाराने हवे ते मागवून दिले. रस्त्यासाठी बनवलेला स्पोर्ट टायर, चार खोल सरळ नाल्या, तेच माप, ९७ वाय, तारीख ०९२५. एकाचे साडेअठरा हजार, चारांचे चौऱ्याहत्तर हजार. माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. पंचवीस हजार किलोमीटर चालले तरी खूप, असं भाचा स्वतःच म्हणाला. हौसेची गाडी घेताना टायरचा खर्चही घेतलेला असतो, तो नंतर दिसतो इतकंच.

टायर बसवताना अब्बा स्टुलावर बसून होते. वेगाच्या गाडीचा टायर, पण दहा दिवस आमच्या घरात वेगाबद्दल कोणी बोललंच नव्हतं. सगळी चर्चा थांबण्याची. अब्बांनी शेवटी तेच उर्दूत सांगितलं, "बेटा, दौड़ता तो इंजन है. टायर रोकने के लिए है." मग मला म्हणाले, एवढी मोठी गाडी, पण जमिनीला टेकते किती? एका टायरची तळहाताएवढी जागा. चार तळहात. त्यावर बायको, मुलं, सगळं.

एक गोष्ट त्यांनी पूर्वी कधी सांगितली नव्हती, ती त्या दिवशी सांगितली. एका टेम्पोवाल्याच्या टायरची कूस चिरली होती. अब्बांनी पॅच लावायला नकार दिला. कुशीवर पॅच धरत नाही, तिथे टायर सारखा वाकतो. तो शिव्या देत गेला आणि पुढच्या दुकानातून करून घेतलं. कसाऱ्याच्या घाटाआधीच टायर फुटला. माणूस वाचला, पाय गेला. "मी त्याला फुकट जुना टायर द्यायला हवा होता," अब्बा म्हणाले. ही बोच तीस वर्षं त्यांच्या मनात होती. पंक्चरवाल्यावर विनोद करणाऱ्यांना, असा माणूस रोज किती जणांच्या जिवाचा हिशेब डोक्यात ठेवतो, हे कसं कळणार?

तुमच्या घराखाली गाडी असेल, दोन दारांची असो वा रिक्षा, तर आज एकदा वाकून बघा. चार आकड्यांची तारीख वाचा. नालीतल्या उंचवट्याला नक्षी टेकली असेल तर टायर संपला. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. गरम टायरची वाढलेली हवा सोडून देऊ नका. कुशीवर फुगवटा दिसला तर पॅच मागू नका.

भाचा जालन्याला जाऊन आला. इगतपुरीजवळ धो धो पाऊस लागला, ऐंशीवर आणली, असा मेसेज आला. परतल्यावर ऑफिसातल्या एका मित्राच्या गाडीचे टायर बघायला तो पार्किंगमध्ये वाकला होता म्हणे. मित्राने विचारलं, हे सगळं तुला कोणी शिकवलं?

"माझ्या नानांचं कोनगावला पंक्चरचं दुकान होतं," तो म्हणाला.

हे त्याने मला फोनवर सांगितलं, आणि मग लगेच विषय बदलला. मीही बदलू दिला.