स्थावर-जंगम

माझी उभी हयात जमीन-मोजणीच्या खात्यात गेली. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि त्या मोजणीवरून होणाऱ्या भांडणांचे कागद नीट फायलीला लावायचे, हे माझं काम. छत्तीस वर्षांत एक गोष्ट मनावर पक्की ठसली. जगात मालमत्ता दोनच प्रकारची : स्थावर आणि जंगम. जमीन, घर, विहीर ही स्थावर. बैल, भांडीकुंडी, दागिने ही जंगम. एखाद्या उमेदवारानं घर जंगमात धरलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवला असता. मग ते घर स्थावर असो वा जंगम.

आणि माझ्या चिरंजीवांनी नेमकं तेच केलं.

‘बाबा, घर घेतलं. छोटंसंच आहे,’ असं त्यानं कॅलिफोर्नियातून फोनवर सांगितलं. ‘छोटंसंच’ हा शब्द मी विनयात जमा केला. शेवटी संस्कार आमचेच. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी जाहीर केलं, की मुलानं अमेरिकेत बंगला बांधला. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला बाग फुटली आणि तळमजल्यावर जाईपर्यंत पोहण्याचा तलाव. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. उगाच कुणाचं मन कशाला मोडा?

२०१९ सालच्या मे महिन्यात आम्ही उभयता सनीवेल गावी जाऊन पोचलो. एका फाटकातून गाडी आत शिरली. दोन्ही बाजूंना बैठी, लांबट, एकसारखी घरं. प्रत्येकासमोर फुलांच्या कुंड्या. चिरंजीव गाडी थांबवून, स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, “बाबा, हे मोबाइल होम आहे.”

आमची ही खाली उतरली, घराला एक प्रदक्षिणा घालून आली आणि म्हणाली, “चाकं कुठायत?”

चाकं काढून ठेवतात म्हणे. घर कारखान्यात तयार होतं, लोखंडी सांगाड्यावर बसून रस्त्यानं येतं आणि एकदा जागेवर बसलं की बहुधा जन्मात हलत नाही. नाव मात्र ‘मोबाइल’. आमच्या खात्यात असे दोन-तीन साहेब होते. घर आपलं, पण खालची जमीन दुसऱ्याची. तिचं दरमहा भाडं. मी दस्त मागितला, तर त्यानं मोटारीच्या आर.सी. बुकासारखा एक कागद पुढे केला. जुन्या काळी तिथे अशा घरांची नोंद मोटारींच्या खात्यातच व्हायची म्हणे! बँकेनं कर्ज दिलं तेही जंगम मालमत्तेवर. मी खुर्चीत बसलो. खुर्ची तरी स्थावर आहे ना, ते आधी चाचपून बघितलं.

“अरे, पण साधं घर का नाही घेतलंस?”

“इथं साधं घर दहा लाख डॉलरच्या पुढे आहे, बाबा.”

मी सवयीनं सत्तरनं गुणलं. सात कोटी. त्यानंतर मी मोबाइल होमबद्दल चकार शब्द काढला नाही.

घर १९७८ सालचं. बाकीच्या खोल्यांबद्दल तक्रार नव्हती. स्वयंपाकघरात मात्र ते साल तसंच्या तसं राहिलं होतं. कपाटं चॉकलेटी. लाकडाची वाटावीत, पण जवळून पाहिल्यावर कळलं की ती भुशाच्या फळीची, आणि वर लाकडाचा नुसता फोटो चिकटवलेला. शेगडीवरचा धूर ओढायचा पंखा मोहरीच्या रंगाचा. जमिनीचा रंग कोणता हे ठरवायला पंच नेमावे लागले असते. आणि सिंकसमोर उभं राहिलं की जमीन पायाखाली दबायची. भांडी घासताना माणूस नावेत बसल्यासारखा डुलायचा. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. कारखाना, अनुक्रमांक, तयार झाल्याची तारीख, छत किती भार सोसेल, वारा किती झेपेल, असं सगळं त्यावर लिहिलेलं. १९७६ च्या जूनपासून अमेरिकन सरकारनं अशा घरांना नियम लागू केले, तेव्हापासून ही घराची पत्रिका घरातच असते. ती वाचून हिनं विचारलं, “मंगळ आहे का?”

मंगळ नव्हता, पण साडू होता. आमचे साडू त्याच सुमारास न्यू जर्सीला आपल्या मुलाकडे आले होते. त्याचं घर पाच बेडरूमचं. त्या घराचे फोटो साडूंनी आम्हाला इतक्या वेळा पाठवले होते की त्या घरात मी आंधळी कोशिंबीर खेळलो असतो. ते दोघं दीड महिन्यानं चार दिवसांकरता आमच्याकडे येणार होते. चिरंजीवांनी एका कंत्राटदाराला बोलावलं. त्यानं स्वयंपाकघरात उभं राहून, दोनदा डुलून, अठरा हजार डॉलर सांगितले. साडेबारा लाख रुपये! सूनबाईंनी पासबुक पाहून सांगितलं, की दीड हजार आहेत. मी छाती पुढे काढून म्हटलं, “मी मोजमाप करतो. तुम्ही सामान आणा.”

इथं एक जुनं प्रकरण उघडावं लागेल. १९७९ साली डोंबिवलीच्या घरात मी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन कडाप्प्याचा ओटा घातला. मोजमाप अर्थात माझं. ओटा चांगला झाला, फक्त दोन इंच उंच झाला. तेव्हापासून ही पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. ‘काढून घेऊ पुढच्या दिवाळीत,’ असं मी त्या दिवाळीला म्हणालो होतो. तेव्हा मी मोजमापाचं नाव काढताच हिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन कोणत्याही सर्व्हे नंबरात बसत नाही.

कामाचा पहिला आठवडा गेला नुसता घासण्यात. कपाटं रंगवायची तर आधी तेलकटपणा जायला हवा, नाहीतर रंग धरत नाही. हिनं पदर खोचला. “एक्केचाळीस वर्षांत या शेगडीवर कुणीकुणी काय काय तळलं असेल!” असं म्हणत ती गरम पाणी आणि सोडा घेऊन अशी भिडली, की ती सफाई नसून शुद्धीकरण आहे हे सूनबाईंच्याही लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी कळलं, की मोहरीच्या रंगाचा पंखा मुळात पांढरा होता. नळाला चिंच लावली, तर तोही चकाकायला लागला. दीड हजारांपैकी एक डॉलरही न मोडता निम्मं स्वयंपाकघर नवं झालं. तुटपुंज्या पैशात घर नवं करायचं पहिलं कलम हेच. आधी घासून बघावं. आपण जुनं म्हणून टाकायला निघतो, त्यातलं बरंचसं नुसतं मळलेलं असतं.

त्यानंतर कपाटांना काचपेपर, गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा खास प्रायमर आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात. चिरंजीवांना ओट्यावर ग्रॅनाइट हवा होता. पण शेजारी एक मेक्सिकन आजोबा होते, सुतारकामातून निवृत्त झालेले. त्यांनी कपाटाला एक टिचकी मारली, हातानं भलं मोठं वजन उचलल्याचा अभिनय केला, मग कपाट खाली बसल्याचा अभिनय केला आणि शेवटी छातीवर क्रूस काढला. ग्रॅनाइटचा विषय तिथेच संपला. आजोबांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा नीट येत नव्हती आणि हिला मराठीखेरीज. त्यामुळे दोघांचं फार छान जमलं.

दबणारी जमीन उघडायची होती. त्या काळच्या फरशीत अॅस्बेस्टॉस असण्याची भीती असते. म्हणून फरशी ओली करून जपून एक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. चाळीस डॉलर गेले. माझा जीव तळमळला, पण सूनबाई म्हणाल्या, “बाबा, फुप्फुसं त्याहून महाग पडतात.” अॅस्बेस्टॉस निघालं नाही. मग सिंकखालची जमीन कापली. खालची भुशाची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झाली होती. कुठला तरी एक सांधा वर्षानुवर्षं थेंब थेंब गळत होता. नळजोडणी परवानेवाल्या प्लंबरकडून करून घेतली, गॅसला आणि विजेला हात लावायचा नाही असा हिचा हुकूम निघाला आणि फळी बदलायचं काम बापलेकांच्या अंगावर आलं.

आम्ही दोघं सिंकखाली डोकी घालून उताणे पडलो. बॅटरी माझ्या हातात, स्क्रू त्याच्या. बापलेकांना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बोलायला सिंकखालच्यासारखी दुसरी जागा नाही.

“बाबा, तुम्हाला घर आवडलं नाही ना?”

मी बॅटरी उगाचच दुसरीकडे वळवली.

“तुम्ही सोसायटीत बंगला सांगितलात, ते आई फोनवर बोलली होती. म्हणून मी तुम्हाला पत्ता कळवताना ‘स्पेस नंबर’ गाळायचो. म्हटलं, तुम्ही विचाराल ‘स्पेस’ म्हणजे काय.”

अठ्ठावीस वर्षं माझ्या घरात राहिलेला मुलगा मला पत्ता लिहिताना एक आकडा गाळत होता. आणि तो मी गाळायला लावला होता. आमच्या खात्यात याला खोटी नोंद म्हणतात.

“अरे,” मी म्हटलं, “डोंबिवलीचं घर घेतलं तेव्हा आजोबांना मी दोन खोल्यांच्या तीन सांगितल्या होत्या. गॅलरी धरून.”

वरून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो इतका हसला की स्क्रू माझ्या कपाळावर पडला.

सिंक आणलं ते जुन्या बाजारातून. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची ‘रीस्टोअर’ नावाची दुकानं आहेत. लोक उरलेलं, काढलेलं घरसामान तिथे दान देतात आणि ते स्वस्तात विकलं जातं. स्टीलचं दोन खणी सिंक मिळालं पंचेचाळीस डॉलरला. मी आधी टेप लावून भोक मोजलं होतं : तेहतीस इंच. सिंकही तेहतीस इंच. घरी आणून ठेवलं तर बसेना. लांबी तेहतीसच होती. रुंदी मोजायची राहिली होती! अशा जुन्या घरांतली सिंकं पुष्कळदा एकोणीस इंच रुंद असतात. आमचं निघालं बावीस. छत्तीस वर्षं सरकारी मोजणी केलेल्या माणसानं क्षेत्रफळाची एक बाजू विसरावी! ही काही बोलली नाही. नुसती एक पाट शोधल्यासारखी इकडेतिकडे बघू लागली.

शेजारचे आजोबा विजेची करवत घेऊन आले. त्यांनी भोकाच्या कडेवर बोट दाबलं, तर बोट आत गेलं. पाण्यानं कुजलेला भाग नेमका त्या तीन इंचांत होता. तो कापल्यावर खाली कोरडी, टणक फळी लागली. सिंक असं बसलं की जणू त्याच्याचसाठी घर बांधलं होतं. तेव्हापासून मी ती चूक नसून दूरदृष्टी होती असं सांगतो. ऐकणारे अजून मिळायचे आहेत.

शेवटी राहिली एक रेघ. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जमिनीवर एक बारीक उंचवटा होता. नव्या फरश्या चिकटवल्या तरी तो जाईना. सूनबाईंनी खुलासा केला. हे दोन तुकड्यांचं घर. दोन अर्धी घरं वेगवेगळी रस्त्यानं येतात आणि जागेवर बोल्टांनी जोडतात. त्या सांध्याला ‘मॅरेज लाइन’ म्हणतात.

“जायची नाही ती,” ही म्हणाली. “पण छत धरून ठेवलंय ना दोघांनी? मग पुरे.”

एकूण खर्च चौदाशे सत्त्याऐंशी डॉलर. उरलेल्या तेरांची आम्ही आइस्क्रीम खाल्ली.

साडू आले. दारातच त्यांनी घराकडे डोळे बारीक करून पाहिलं. मी घसा खाकरून काहीतरी गोलमोल बोलणार, तोच चिरंजीव म्हणाले, “काका, हे मोबाइल होम आहे. १९७८ चं. स्वयंपाकघर मी आणि बाबांनी केलंय.” त्यातला ‘आणि बाबांनी’ हा भाग मला सात कोटींहून महाग वाटला.

हिनं बटाटेवड्यांचा घाट घातला. पहिल्या फोडणीलाच छतावरची धुराची घंटा किंचाळली. सूनबाईंनी सवयीनं ताट हलवून तिला वारा घातला. मेहुणीबाई भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, “ताई, तू घरात तळतेस?” मग हळूहळू बाहेर आलं. न्यू जर्सीच्या त्या पाच बेडरूमांच्या घरात तळणाला बंदी होती. ग्रॅनाइटला डाग पडतो, पडद्यांना वास लागतो. मेहुणीबाई गॅरेजमध्ये, मोटारीशेजारी शेगडी मांडून पुऱ्या तळत. साडूंनी सात वडे खाल्ले आणि मॅरेज लाइनवर पाय पसरून म्हणाले, “घर म्हणजे असं असावं.” फोटो मात्र त्यांनी काढला नाही.

निघायच्या आदल्या रात्री ही ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती. मी सहज म्हटलं, “कंबर दुखत नाही का गं इथं?”

“नाही,” ती म्हणाली. “हा ओटा बुटका आहे. चाळीस वर्षांनी पाटावरून खाली उतरले.”

डोंबिवलीला परतल्यावर मी दोन कामं केली. सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, की मुलाचं घर चाकाचं आहे, चाकं काढलेली आहेत आणि स्वयंपाकघर फार सुंदर आहे. त्यावर तळमजल्यावाल्यांनी पोहण्याच्या तलावाचं विचारलं. तो सध्या कोरडा आहे म्हणालो.

आणि गवंड्याला बोलावून ओटा दोन इंच खाली घेतला. मोजमाप मात्र हिनं केलं.