केस घेणारा मुलगा

आज एक कोडं घालते. समजा, तुमच्या वर्गातला एखादा मुलगा हसत हसत तुम्हांला म्हणाला, ‘‘मी तुझे केस घेतोय!’’ तर तुम्ही काय कराल? डोकं धरून पळाल? की बाईंकडे तक्रार कराल? माझ्या भाचीनं यांतलं काहीच केलं नाही. ती नुसती गप्प झाली. आणि त्या एका वाक्याचा उलगडा व्हायला आम्हां मावशी-भाचीला आगगाडीत बसून एका जुन्या गावाला जावं लागलं. त्या गावाची, त्या वाक्याची नि स्पॅनिश लोकांच्या रागालोभाची ही गोष्ट.

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त स्पेनची राजधानी माद्रिद इथे राहतात. मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. आपल्याकडे सुट्टी, पण तिथल्या शाळा जूनच्या अखेरपर्यंत चालू असतात. माझी नऊ वर्षांची भाची सप्टेंबरपासून तिथल्या शाळेत जायला लागलेली. आठ महिन्यांत तिला स्पॅनिश बरंच समजू लागलं होतं. पण बोलायचं नाव नाही!

मी पोचले त्याच रात्री बहीण म्हणाली, ‘‘ताई, आता तूच बघ बाई. ही पोरगी केस कापायचे म्हणून हटून बसलीय.’’

केस कापायचे? माझ्या भाचीच्या कमरेपर्यंत दोन वेण्या! लाल रिबिनी बांधून मिरवायची ती. आता केस घट्ट गुंडाळून, वर टोपी घालून शाळेत जात होती. विचारलं तर तोंडाला कुलूप. मी शाळेत शिकवते, मुलांना बोलतं करणं हे माझं रोजचंच काम. पण इथे माझीही मात्रा चालेना.

शनिवारी मी म्हटलं, ‘‘चल, आपण दोघीच कुठेतरी जाऊन येऊ.’’ माद्रिदच्या आतोचा स्टेशनातून लोकल पकडली नि पाऊण तासाच्या आत आल्काला दे एनारेस या गावी उतरलो. वाटेत मी माझा स्पॅनिश-इंग्रजी खिशातला शब्दकोश उघडून बसले होते. स्पॅनिशमध्ये ‘एच्’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्यामुळे इंग्रजीतलं ‘ह्यूमर’ तिथे ‘उमोर’ होतं. आणि गंमत अशी, की ‘उमोर’ म्हणजे विनोद आणि ‘उमोर’ म्हणजेच मूडसुद्धा! ‘बुएन उमोर’ म्हणजे स्वारी खुशीत, ‘माल उमोर’ म्हणजे स्वारी बिघडलेली. एकाच शब्दात हसणं नि रुसणं दोन्ही कसं मावलं? त्याचं उत्तर त्याच गावात मिळालं.

आल्कालाला पोचताच पहिल्यांदा नजर जाते ती वर. चर्चच्या मनोऱ्यांवर काटक्यांची मोठमोठी घरटी आणि त्यांत उभे पांढरे करकोचे! चोची आपटून ते टकटक टकटक आवाज करत असतात. इथलं विद्यापीठ १४९९ साली स्थापन झालं. जुनं विद्यापीठ आणि त्याभोवतीचं गाव १९९८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गावातल्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब आणि त्यांवर घरं. खालून चालत गेलं की ऊन लागत नाही नि पाऊसही लागत नाही.

याच रस्त्यावर एका घरासमोर बाकावर दोन माणसं बसली आहेत. एक लांबुडका, सुकलेला, उदास. दुसरा गुबगुबीत, खुशालचेंडू. दोघेही ब्राँझचे! ओळखलंत का? डॉन क्विक्झोट आणि त्याचा सोबती सांचो पांझा. त्यांची गोष्ट लिहिणारा मिगेल दे सर्व्हांटेस १५४७ साली याच गावात जन्मला. त्याच्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आणि दुसरा १६१५ साली छापला गेला. क्विक्झोटला सांचोनं ‘उदास चेहऱ्याचा वीर’ असं नाव ठेवलं होतं. सांचो स्वतः मात्र तोंड उघडलं की म्हणींची माळ सोडायचा, इतकी की धनी त्याच्यावर ओरडायचा. ‘पांझा’ म्हणजे पोट, हेही लक्षात ठेवा.

बाकामागचं घर म्हणजे सर्व्हांटेसच्या जन्मघराचं संग्रहालय. १९५६ सालापासून ते लोकांसाठी खुलं आहे. सर्व्हांटेसचे वडील त्या काळातले शस्त्रवैद्य होते. हाडं बसवायची, जखमा बांधायच्या, रोग्याचं रक्त काढायचं, अशी या वैद्यांची कामं. रक्त कशाला काढायचं? तर त्या वेळी युरोपातले वैद्य मानत, की माणसाच्या शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. प्राचीन ग्रीक वैद्यांपासून चालत आलेली ही समजूत. या रसांना लॅटिन भाषेत ‘उमोर’सारखाच शब्द होता. चारही रस बेताचे असले तर माणूस ‘बुएन उमोर’मध्ये. एखादा वाढला की ‘माल उमोर’! मग जास्तीचं रक्त काढायचं. ज्याचे रस फारच उलटेसुलटे, तो वागायचा विचित्र. अशा विक्षिप्त माणसाला लोक हसू लागले आणि ‘ह्यूमर’ म्हणजे हसवणारी गोष्ट असा अर्थ चिकटला. इंग्रजीतलं ‘मेलँकली’, म्हणजे उदासपण, हाही मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ ‘काळं पित्त’!

आजचं वैद्यकशास्त्र ही चार रसांची समजूत मानत नाही. पण शब्द राहिले. आणि आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे वात, पित्त, कफ आहेतच. ‘आबांचं पित्त खवळलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा आबांना काही डॉक्टरांकडे नेत नाही!

हे सगळं मी भाचीला सांगत होते. ती ऐकत होती, पण टोपी काही डोक्यावरून निघाली नाही.

बाहेर आलो तर धो धो पाऊस. धावत त्या दगडी खांबांच्या आडोशाला उभ्या राहिलो. माझा चेहरा पडलेला. बूट भिजले होते नि छत्री घरी. शेजारी एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या नि म्हणाल्या, ‘‘आल माल तिएंपो, बुएना कारा.’’ मी नुसतीच मान हलवली. तेवढ्यात माझ्या बाजूनं बारीक आवाज आला, ‘‘मावशी, आजी म्हणतायत, हवा वाईट असली की तोंड चांगलं करायचं.’’

आपणहून बोलली की हो! मी हात आखडता घेतला नाही. शब्दकोश काढला नि म्हटलं, ‘‘अगं, मला तर यातलं काही येत नाही. तूच शिकव.’’ आणि त्या पावसात आमचा खेळ सुरू झाला. मी शब्दकोशातून वाचायचं, तिनं शब्दशः अर्थ सांगायचा, मग इंग्रजीत काय म्हणतात ते मी बघायचं नि दोघींनी मिळून मराठी शोधायचं.

‘उमोर दे पेर्रोस’. भाची म्हणाली, ‘‘कुत्र्यांचा मूड!’’ म्हणजे भयंकर वाईट मूड. इंग्रजीत त्याला ‘फाउल मूड’ म्हणतात, तिथे कुत्रं नाही.

‘मालास पुल्गास’ असणं, म्हणजे अंगावर वाईट पिसवा असणं. चटकन चिडणारा माणूस. इंग्रज म्हणतो, याची वात आखूड आहे, म्हणजे फटाका लगेच फुटणार. आपण म्हणतो, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग.

‘माला उवा’, वाईट द्राक्ष. मी म्हटलं, ‘‘कळलं! कोल्ह्याला द्राक्षे आंबट!’’ भाची खुदकन हसली. ‘‘नाही गं मावशी. ‘माला उवा’ म्हणजे खवट स्वभाव.’’ इंग्रजीतली ‘सावर ग्रेप्स’ आपल्या कोल्ह्याच्या जवळची. स्पॅनिश लोकांचं हे द्राक्ष वेगळ्याच वेलीचं! चांगल्या द्राक्षांचा त्यांना मुळीच राग नाही हं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची तिथे रीतच आहे.

डाव्या पायावर उठणं म्हणजे सकाळपासून सगळं बिनसणं. इंग्रज पलंगाच्या चुकीच्या बाजूनं उठतो. आणि आपण? ‘आज सकाळी कुणाचं तोंड पाहिलं होतं कोण जाणे!’ बघा, स्पॅनिश माणूस दोष देतो पायाला, इंग्रज पलंगाला आणि आपण शेजाऱ्याला!

‘एस्तार दे मोर्रोस’, म्हणजे ओठ पुढे काढून बसणं, जनावराच्या मुस्कटासारखे. आपण तोंड फुगवतो. आणि फार आनंद झाला की स्पॅनिश माणूस ‘कास्तान्युएलास’सारखा, म्हणजे नाचताना बोटांत वाजवायच्या लाकडी चिपळ्यांसारखा खूश होतो. इंग्रज चंडोल पक्ष्यासारखा. आपला आनंद तर गगनातही मावत नाही.

मी पान उलटलं. ‘पेलो’, म्हणजे केस. ‘‘हे बघ, ‘तोमार एल पेलो’...’’

भाचीचा चेहरा एकदम उतरला. ‘‘हेच! वर्गातला तो मुलगा मला हेच म्हणतो. ‘तोमार’ म्हणजे घेणं. तो माझे केस घेणार आहे. मग सगळे हसतात. म्हणून मला केसच नकोत.’’

मी शब्दकोश तिच्यापुढे धरला. इंग्रजी अर्थ लिहिला होता, ‘पाय ओढणे’. तिनं घाबरून आपल्या पायांकडे पाहिलं! इंग्रजीतलं हे पाय ओढणं म्हणजे थट्टा करणं, फिरकी घेणं. मराठीत मात्र ‘पाय ओढणे’ म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. तीन भाषा, दोन अर्थ! ‘‘अगं, तो तुझी फिरकी घेत होता. केस घेणार नव्हता,’’ मी म्हटलं. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग हळूच टोपी काढली.

मुलांनो, परत येताना गाडीत मला मात्र गप्प व्हायला झालं. मला माझ्याच वर्गातला एक मुलगा आठवला. त्याच्या घरी मराठी बोलत नसत. एकदा मी त्याला रागानं म्हणाले, ‘‘दुसऱ्याच्या वहीत नाक खुपसू नकोस.’’ त्यानं गोंधळून नाकाला हात लावला. वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर कितीतरी दिवस त्यानं हात वर केला नव्हता. मला वाटलं, घुम्या आहे. तो घुम्या नव्हता. माझं वाक्य त्याला टोचलं होतं नि मी अर्थ सांगायची तसदी घेतली नव्हती. जून उजाडताच मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, ‘‘तुमच्या घरी याला काय म्हणतात रे?’’ त्यानं सांगितलं. मग त्यानंच आणखी दोन वाक्यं सांगितली. तेव्हापासून आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक वाक्प्रचार नि त्याचे निरनिराळ्या घरांतले भाऊबंद लिहिलेले असतात.

आता भाचीचं सांगते. सोमवारी ती दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून शाळेत गेली. संध्याकाळी दारातूनच ओरडत आली, ‘‘मावशी, मावशी! तो पुन्हा मला म्हणाला, ‘तुझे केस घेतोय’. मी वेणी त्याच्यापुढे धरली नि म्हटलं, ‘तोमा!’ घे!’’

‘‘मग?’’

‘‘मग सगळे ‘पार्तिर्से दे रिसा’!’’

म्हणजे हसून हसून फुटले. इंग्रज हसला की त्याच्या कुशी फुटतात. आपली मुरकुंडी वळते. या वेळी मात्र वर्ग तिला हसला नव्हता, तिच्याबरोबर हसला होता. आणि तो मुलगा? तोच सगळ्यांत जास्त हसला म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला विचारलं, ‘‘तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?’’ आता अख्खा वर्ग ‘फिर्की, फिर्की’ करत असतो.

तर बालमित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी नवीन मुलगा किंवा मुलगी आली असेल, गप्प बसत असेल, तर ‘शिष्ट आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कदाचित एखादं वाक्य अडकलं असेल. विचारून बघा. आणि आईबाबांनो, मूल विनाकारण रुसलंय असं वाटलं, तर जरा थांबा. कारण असतं, फक्त ते आपल्या शब्दकोशात नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. राग, रुसवा नि हसू यांचे पाच वाक्प्रचार आजीआजोबांना विचारून वहीत लिहा. मग वेगळी भाषा बोलणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा, ‘‘तुमच्याकडे काय म्हणतात?’’ आणि बाहेर पाऊस असला, छत्री घरी राहिली असली, तर आल्कालाच्या त्या आजींचं ऐका. हवा वाईट, तर तोंड चांगलं!

तुमची,
बाई